ओळीच्या टोकाचं पिवळं फडकं

३ एप्रिल

प्रिय आत्या,

फोनवर तू सारखी "काय? काय?" करतेस आणि मी ओरडून सांगितलेलं तुझ्याआधी शेजारच्या खोल्यांना कळतं, म्हणून आता पत्रच. धुलाईच्या यंत्रांशेजारी आयुष्य काढून तुझे कान गेले, पण डोळे शाबूत आहेत. आणि पोस्टमन अजून फिरतोय. तोंड बांधून फिरतोय, पण फिरतोय.

बातमी अशी की मला वृत्तपत्राच्या मुख्य कचेरीत घेतलं! सध्या शिकाऊ आहे, पण टेबल माझं स्वतःचं आहे. काम फोटोओळी लिहायचं. छापलेल्या फोटोखाली एक ओळ असते ना, काय आहे, कुठलं आहे, कधीचं आहे ते सांगणारी? ती मी लिहिते. इस्त्रीचे कपडे गुंडाळताना तुझ्या हाताखालून अशा किती ओळी गेल्या असतील. आता त्यांतल्या काही माझ्या असतील. दादांना सांग, लेकीची पदवी भिंतीवर टांगायला नव्हती.

कचेरी अर्धी रिकामी आहे. साथीचा रोग कागदावरून घरात येतो अशी कोणीतरी आवई उठवली आणि लोकांनी पेपर घ्यायचंच बंद केलं. भिंतीवरचा टीव्ही दिवसभर लाल पट्ट्या सरकवतो. त्याच्याशी बरोबरी करायची म्हणून आमच्या मथळ्यांची अक्षरं रोज जरा मोठी होतात. आमचे संपादक, ज्यांना सगळे साहेब म्हणतात, वाईट नाहीत. पण त्यांच्या बोटांची नखं कुरतडलेली असतात.

मला मनापासून वाटतं आत्या, की लोकांना खरं सांगितलं तर लोक नीट वागतात. त्यासाठीच तर मी इथे आले.

लॉन्ड्रीचं कसं चाललंय? काम आहे ना?

तुझी,
पदवीबाई

११ एप्रिल

आमच्या पदवीबाईंना आत्याचा आशीर्वाद,

तुझं पत्र मी आधी मनात वाचलं. मग घडीवरच्या घंटीने सगळ्या बायांना वाचून दाखवलं. तिचा आवाज तुला माहीतच आहे. माझ्यासारख्या बहिरीलाही तिचं बोलणं कळतं, म्हणून तर ती माझा उजवा कान. "स्वतःचं टेबल" हे वाक्य तिने दोनदा वाचलं. तुझा बाप भट्टीवर होता, उकळत्या पाण्याकडे तोंड करून उभा राहिला आणि म्हणाला डोळ्यांत वाफ गेली. जाऊ दे, वाफच असेल.

घरगुती कपडे बंदच झाल्यात जमा. सगळी दुनिया पायजम्यात घरी बसलीय, पायजम्याला कोण इस्त्री करून घेतं? जे थोडे येतात तेही म्हणतात, पेपरात गुंडाळू नका, भीती वाटते. मग मी त्यांच्यासमोर आधी कागदावरून कडक इस्त्री फिरवते आणि त्यात कपडे बांधते. घंटी म्हणते, बघा, बातमीसुद्धा आम्ही सुरकुती काढून देतो.

पण हॉस्पिटलच्या चादरी येतात. आधी यायच्या त्याहून कितीतरी जास्त. त्यांच्यावरच चूल पेटतेय. एकाही बाईला मी घरी बसवलं नाही, हे लिहून ठेव कुठेतरी. हातमोजे, तोंडाला फडकं, आणि प्रत्येक चादरीला दोन वेळा भट्टी. दुसरी भट्टी झाली की मैदानावर वाळत घालायची आणि ओळीच्या टोकाला पिवळं फडकं बांधायचं. पिवळं दिसलं तरच घडीला हात लावायचा, नाहीतर नाही. तुला काय सांगायचं, शाळेतून आलीस की दप्तर टाकून तूच बांधायचीस ती फडकी.

कोपऱ्यावरच्या दुकानात टीव्ही चालू असतो. मी आपली नुसती चित्रं बघते. ती माणसं तोंड एवढं उघडतात की दाढा मोजता येतील. घंटीला ऐकू येतं, म्हणून तिची झोप गेली. मी झोपते.

रोग खोटा नाही गं. चादरी धुणारीला कळतं. पण घाबरून हात थांबले तर चादरी कोण धुणार?

जेवतेस ना वेळेवर?

आत्या

२४ एप्रिल

प्रिय आत्या,

थोडक्यात लिहिते. मला आता छोट्या जाहिरातींकडे घेतलंय. भाड्याने खोली देणे आहे, जुनं कपाट विकणे आहे, असलं. बदल म्हणून. शिकायला मिळतं.

मैदानावर सगळं ठीक आहे ना? समोरच्या सोसायटीतलं कोणी काही बोललं नाही ना? घंटी कशी आहे? तिच्याकडून एक ओळ लिहून घे, तिचे टोमणे वाचल्याशिवाय करमत नाही.

तुझी,
पदवीबाई

१ मे

पदवीबाईंना आशीर्वाद,

जाहिराती तर जाहिराती. घर शोधणाऱ्याला घर मिळतं, तेही पुण्यच.

तुझा पेपर आम्ही पाहिला. रविवारचा, पहिल्या पानावरचा फोटो. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने दाखवला आणि माझ्याकडे बघत राहिला. फोटो पुलावरून काढलाय. आपलं मैदान, आपल्या चादरी, पांढऱ्याच पांढऱ्या, टोक दिसू नये इतक्या. खाली ओळ छापलीय: "पांढऱ्या रांगा वाढतच आहेत. शहर किती झाकणार?"

लोक समजायचं ते समजले. त्यांना चादरी दिसल्याच नाहीत, कफनं दिसली.

मी मात्र फोटो नीट पाहिला. एका चिमट्यात दोन चादरींची टोकं, आपलीच पद्धत. आणि ओळीच्या शेवटी पिवळं फडकं नाही. फोटो तिथेच कापलाय. तेव्हा मला उमगलं की ही तू केलेली गोष्ट आहे. फोटोखाली लिहायचं काम तुझं. वरून आलेली ओळ तुला छापावी लागली असेल, पण पिवळं राहिलं असतं तर आम्ही लगेच ओळखू आलो असतो, म्हणून तू ते कापून टाकलंस. नोकरी सांभाळून आमचीही काळजी घेतलीस. मी तुझ्या बापाला तसंच सांगितलं. त्याला फार बरं वाटलं.

इथे सगळं ठीक. थोडी कुजबुज झाली, दुसरं काही नाही. घंटी बहिणीकडे गेलीय थोडे दिवस, म्हणून तिची ओळ नाही.

आत्या

८ मे

प्रिय आत्या,

तुझं पत्र वाचून मी कचेरीच्या जिन्यात जाऊन बसले. तू माझ्याबद्दल जे चांगलं समजलीस ते मी केलेलं नाही. आणि जे मी केलं ते तुला काळजी नको म्हणून सांगितलं नव्हतं. आता सांगते.

तो फोटो संध्याकाळी टेबलावर आला तेव्हा अख्खा होता. टोकाला पिवळं फडकं वाऱ्यावर उडत होतं. मी लांबूनच ओळखलं. इतका आनंद झाला की मी फोटोओळ लिहूनसुद्धा टाकली: "रुग्णालयाच्या चादरी दोनदा उकळून वाळताना. पिवळं फडकं म्हणजे ओळ स्वच्छ." साहेबांनी ती वाचली आणि फोटोवर पेन्सिल ठेवली.

"हे पिवळं काय मधेच? लग्नघर वाटतंय. कापा."

मी म्हणाले, "साहेब, त्या फोटोत महत्त्वाचं तेच आहे. ते कापलं तर फोटो खोटा होईल."

"तुला काय माहीत?"

"ते मी बांधायचे, साहेब. लहानपणी. ती माझ्या आत्याची लॉन्ड्री आहे."

सगळे हसले. फोटोग्राफर तेवढा हसला नाही. साहेब म्हणाले, "म्हणजे तुझा हितसंबंध आला. तुझं मत यात धरता येत नाही."

आत्या, ज्याने मैदानात कधी पाय ठेवला नाही तो निष्पक्ष, आणि मला तिथलं माहीत आहे म्हणून माझं मत धरायचं नाही! मी तसं तोंडावर म्हणाले. ते चिडले नाहीत, थकल्यासारखे म्हणाले, "हे बघ, अंक खपला नाही तर पुढच्या महिन्यात तूही इथे नाहीस आणि मीही नाही." मग ती ओळ त्यांनी स्वतः लिहिली. मी म्हणाले, या फोटोचं पान माझ्या हातून जाणार नाही. दुसऱ्या दिवशी मला जाहिरातींच्या टेबलावर बसवलं.

आता तुझी पाळी. काल फोटोग्राफर पुन्हा त्या पुलावरून गेला. मला म्हणाला, मैदानात एकही चादर नव्हती, आणि फाटकाला कुलूप होतं. थोडी कुजबुज झाली म्हणतेस ती हीच का? आणि घंटीची बहीण तर लग्न करून देशाबाहेर गेलीय, हे तू विसरलीस.

खरं काय ते लिही.

तुझी,
पदवीबाई

१५ मे

पोरी,

तुझा बाप पत्र ऐकून उठला, हात पुसले आणि म्हणाला, "साहेबाच्या तोंडावर बोलली?" मी म्हटलं, हो, तोंडावर. त्याने पुन्हा हात पुसले. कोरडेच होते.

आता ऐक.

फोटो आला त्याच्या दुसऱ्या दिवशी समोरच्या सोसायटीचा सेक्रेटरी फाटकाशी आला. मी बहिरी हे त्याला माहीत, म्हणून तो ओरडून बोलला, आणि त्यामुळे सगळ्या बाल्कन्यांनी ऐकलं. म्हणाला, "आमच्या पोराबाळांसमोर मेलेल्यांचे कपडे वाळत घालता?"

मी म्हटलं, "साहेब, मेलेल्याची चादर इथे येतच नाही. ती तिथेच बांधून नष्ट करतात. धुवायला येते ती चादर पुन्हा पलंगावर घालायची असते. जास्त चादरी येतात, म्हणजे पलंग भराभरा बदलतात. माणसं उठून घरी जातात म्हणून बदलतात."

तो म्हणाला, "पेपरात तसं नाही लिहिलं."

मैदान सोसायटीच्या मालकीचं, आपण भाडेकरू. फाटकावर कुलूप आणि नोटीस लागली.

तेव्हापासून चादरी घरात वाळतात. जिन्यावर, खिडकीत, तुझ्या खोलीत तुझ्या पुस्तकांच्या कपाटावर. उन्हात जे दुपारी होतं त्याला दोन दिवस लागतात. हॉस्पिटलचा स्टोअरकीपर सांगून गेला, चादरी वेळेवर मिळाल्या नाहीत तर काम बाहेरच्या कंत्राटदाराला जाईल. गेलं की परत येत नाही. आणि ते गेलं तर एकाही बाईला घरी बसवलं नाही असं मला म्हणता येणार नाही. मला त्याचंच लागतं.

घंटी हॉस्पिटलात आहे. ताप उतरत नव्हता. आत जाऊ देत नाहीत. नर्सजवळ निरोप पाठवला होता तिने: "पलंगावर आपलीच चादर आहे, कोपऱ्याची घडी मीच घातलेली, जरा तिरकी आलीय, कोणाला सांगू नका."

तू आता आमच्यापायी नोकरी घालवू नकोस. आपल्या घरात खुर्चीवर बसून काम करणारी तू पहिली. मला ते टेबल बघायला यायचंय. पण लिहायचंच ठरवलं असशील तर एक ऐक. रडगाणं लिहू नकोस. बिचाऱ्या बाया, असलं तर अजिबात नको. काम काय आहे आणि कसं करतो, तेवढं लिही. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

आत्या

२९ मे

प्रिय आत्या,

सोबत पेपरचं पान पाठवतेय. जपून उलगड.

तुझं पत्र मिळाल्यावर मी हॉस्पिटलच्या मेट्रनबाईंना फोन लावला. रोज लावला. शेवटी त्या म्हणाल्या, "कोण गं तू? इतकी चिकट?" मी म्हणाले, "तुमच्या चादरींच्या घरातली." मग त्या भडाभडा बोलल्या. तो फोटो वॉर्डात पोचला होता. काही पेशंट चादरीवर पाठ टेकायला तयार नव्हते, बसून रात्र काढायचे. नर्सेस समजावून थकल्या होत्या. मी म्हणाले, एवढंच साहेबांना लिहून द्या. त्यांनी दिलं, सही-शिक्क्यासकट.

फोटोग्राफरने मूळ फोटो मोठा करून आणला. आम्ही दोघं साहेबांच्या खोलीत गेलो. त्यांनी मेट्रनबाईंचं पत्र वाचलं, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. मग फोटो जवळ ओढला.

"पेशंट बसून राहतात?"

"हो साहेब."

त्यांनी फोटोतल्या पिवळ्यावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "दुरुस्ती म्हणून छापू. बातमी म्हणून नाही. आतल्या पानावर. आणि दुरुस्तीला कोणाचं नाव नसतं, माहीत आहे ना?"

मी म्हणाले माहीत आहे. तिथेच उभ्याने लिहून दिली. त्यांनी शेवटचं वाक्य खोडलं. मी ते पुन्हा लिहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. फोटोग्राफर हळूच म्हणाला, "राहू द्या साहेब, फोटो माझा आहे." राहिलं.

जाहिरातींच्या पानावर, खाली उजवीकडे बघ. अख्खा फोटो, छोटासा, आणि शेजारी:

"दुरुस्ती. पहिल्या पानावर छापलेल्या फोटोतील चादरी रुग्णालयाच्या धुलाईच्या होत्या. रुग्ण बरा होऊन गेला की पलंगाची चादर बदलते आणि धुवायला जाते. येथील कामगार स्त्रिया साथीच्या काळात एकही दिवस न थांबता प्रत्येक चादर दोनदा उकळतात. स्वच्छ झालेल्या ओळीच्या टोकाला त्या पिवळं फडकं बांधतात. मूळ फोटोत ते होतं. आम्ही ते कापलं."

शेवटचं वाक्य तेच, आत्या. मला वाटलं होतं पहिलं लेखन छापून आलं की वर नाव असेल आणि मी ते दादांना दाखवीन. नाव नाही. तरी हे पान मी टेबलाच्या काचेखाली ठेवलंय आणि येता-जाता बघते.

मी अजून जाहिरातींकडेच आहे. आज साहेब जाता जाता म्हणाले, "फोटोओळींना माणूस कमी पडतोय."

घंटी? मैदान? लवकर लिही.

तुझी,
पदवीबाई

९ जून

पदवीबाईंना आशीर्वाद,

घंटी आली! बारीक झालीय आणि आवाज पार बसलाय, आता घंटी कसली, नुसती किणकिणते. बसल्या जागी घड्या घालते, दुसरं काही मी तिला करू देत नाही. ती सुटली त्या दिवशी हॉस्पिटलच्या बोचक्यात एक चादर आली, कोपऱ्याला तिरकी घडी. तिच्याच पलंगाची. दुसऱ्या कोणाला दिली नाही, मी स्वतः धुतली.

तुझं पान तिने वाचून दाखवलं. आवाज नव्हता म्हणून सगळ्या बाया तिच्याभोवती अगदी जवळ आल्या. "आम्ही ते कापलं" वाचून ती थांबली आणि म्हणाली, "पोरीने पेपराकडून वदवून घेतलं." तुझा बाप ते पान घेऊन भट्टीवर निघाला होता, वाफेत भिजेल म्हणून हातातून काढून घ्यावं लागलं.

आता मी काय केलं ते सांगते. पेपरच्या एजंटाकडे न खपलेले अंक पडून असतात. त्या दिवसाचे सगळे मागून आणले. प्रत्येकातलं तुझं पान वेगळं काढलं, त्यावरून इस्त्री फिरवली, आणि तेव्हापासून घरगुती कपड्यांचं प्रत्येक पुडकं त्याच पानात बांधते. दुरुस्ती वर येईल असं. पहिलं पुडकं सेक्रेटरीच्या शर्टांचं. कुलूप लावायच्या आधीपासून माझ्याकडे पडून होते बिचारे. त्याच्या बायकोच्या हातात दिलं. तिने दारातच उभं राहून वाचलं, पुडकं न सोडता.

चार दिवस काही झालं नाही. मग एका सकाळी कुलूप नव्हतं. नोटीस अजून फाटकावर आहे, ती काढायला कोणी आलं नाही, आणि मीही विचारलं नाही. आम्ही चादरी घेऊन आत गेलो. बाल्कन्यांतून लोक बघत होते. त्यांतल्या काही बायांनी खिडक्या लावून घेतल्या, खोटं कशाला सांगू. पण पहिल्या ओळीच्या टोकाला पिवळं बांधलं तेव्हा तिसऱ्या मजल्यावरून एका पोरीने आईला विचारलं, "ही ओळ झाली ना?" मला ऐकू कुठलं येतंय, घंटीने सांगितलं. स्टोअरकीपर परवा चादरी मोजून घेऊन गेला. दुसऱ्या कंत्राटदाराचं नाव त्याने काढलं नाही.

एकही बाई घरी बसली नाही. हे आता मला म्हणता येतं.

दुरुस्तीला नाव नसतं म्हणालीस. तुमच्याकडे नसेल. जुनी पिवळी फडकी उन्हात विटून फाटली होती, त्यांच्या मी बारीक पट्ट्या काढल्या. पुडकी आता त्यांनीच बांधते, सुतळीने नाही. आणि गाठ मारते ती तुझ्या मजकुराच्या बरोबर खाली, नाव जिथे असतं तिथे. गिऱ्हाईक विचारतात, हे पिवळं काय? मी सांगते, ही सही आहे. आमच्या मुलीची.

तुझी,
आत्या

ता. क. पुढच्या वेळी साहेबांना म्हणावं जरा मोठ्या अक्षरात छापा. मला दिसतं, पण सेक्रेटरीची बायको म्हणत होती, त्याला चष्मा शोधावा लागला.